लेबलच्या शेजारी कोरलेली दोन अक्षरं

गेल्या पावसाळ्यात सलग तीन रविवार मी एकच अल्बम ऐकत होते, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'डार्क साइड ऑफ द मून', आणि तो पाच वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये. मामाची एलपी रेकॉर्ड, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात साच्यावर दाबून बनवलेली, कॉलेजात असताना पैसे साठवून घेतलेली सीडी, २००३ ची एसएसीडी (सीडीचाच जास्त तपशील साठवणारा प्रकार), २०११ ची सीडी आणि फोनवरचं स्ट्रीमिंग. हे सगळं करायचं कारण म्हणजे ऑफिसात, लग्नकार्यात, कुठेही लोकांना कळलं की मी रेकॉर्ड्स जमवते की पहिला प्रश्न हाच येतो, रेकॉर्ड चांगली की सीडी? आणि मला दर वेळी उलट विचारावंसं वाटतं की कोणती रेकॉर्ड आणि कोणती सीडी ते तर सांगा आधी.

कारण फरक तबकडीत फार कमी असतो. फरक असतो तो ती तबकडी बनण्याआधी कोणीतरी एका खोलीत बसून घेतलेल्या निर्णयांत. स्टुडिओत गाणं रेकॉर्ड होतं, मिक्स होतं, दोन ट्रॅकची मास्टर टेप तयार होते, आणि मग ती टेप मास्टरिंग इंजिनिअरकडे जाते. बेस किती ठेवायचा, वरचे स्वर किती उघडायचे, आवाजाची पातळी किती वर न्यायची हे तो ठरवतो. दहा वर्षांनी दुसरा माणूस तीच टेप, किंवा टेप हरवली असेल तर तिची कॉपी, किंवा कॉपीची कॉपी घेऊन बसतो आणि तो वेगळं ठरवतो. आपण दुकानात कव्हर बघतो, ते दोन्हीकडे सेम असतं.

मला हे पहिल्यांदा खरंखुरं कळलं ते दादर पारशी कॉलनीत. तिथे एक अंकल राहतात, ऐंशीच्या पुढचे, त्यांच्या भावानं १९७० च्या सुमारास अमेरिकेतून लेड झेपलिन या रॉक बँडचा दुसरा अल्बम आणला होता. मी माझ्याकडची सीडी घेऊन गेले होते, म्हटलं तुलना करू. त्यांनी रेकॉर्ड हातात दिली आणि म्हणाले, "दिकरा, पहिले वाजवू नको, पहिले वाच." शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो ना, ज्याला डेड वॅक्स म्हणतात, तो दिव्याखाली तिरका धरायला सांगितला. तिथे हातानं कोरलेलं होतं, आरएल आणि पुढे एसएस. आरएल म्हणजे मास्टरिंग इंजिनिअर रॉबर्ट लडविग, ज्याला पुढे जग बॉब लडविग म्हणून ओळखायला लागलं, आणि एसएस म्हणजे न्यूयॉर्कचा स्टर्लिंग साउंड हा मास्टरिंग स्टुडिओ.

ही गोष्ट लडविगनं स्वतःच सांगितलेली आहे. १९६९ साली त्यानं, पंचविशीसुद्धा पूर्ण नव्हती तेव्हा, हा अल्बम लॅकरवर, म्हणजे ज्या मऊ तबकडीवरून पुढे साचे बनतात तिच्यावर, कापला आणि टेपवर जे होतं ते जसंच्या तसं खोबणीत उतरवलं, बेस न कापता, आवाज न दाबता, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी न करता. रेकॉर्ड बाजारात आली, अ‍ॅटलांटिक या रेकॉर्ड कंपनीतल्या एका बड्या माणसाच्या मुलीनं ती आपल्या छोट्या स्वस्त प्लेअरवर लावली आणि सुई उडायला लागली. खोबणीतली हालचालच इतकी मोठी होती की हलका प्लेअर तिला धरून ठेवू शकत नव्हता. झालं, कंपनीनं तो कट मागे घेतला आणि बेस कमी करून, आवाज दाबून पुन्हा कापून घेतला. त्यानंतर वर्षानुवर्षं लाखो लोकांनी जो 'लेड झेपलिन टू' ऐकला तो हा सौम्य केलेला. आरएलवाल्या कॉप्या आज शेकडो डॉलर्सना जातात.

अंकलनी मग सुई ठेवली. 'होल लोटा लव्ह' सगळ्यांना पाठ आहे, त्याबद्दल काय सांगू, पण माझं खरं लक्ष गेलं ते दुसऱ्या बाजूला, 'रॅम्बल ऑन' मध्ये जॉन पॉल जोन्सचा बेस गिटार येतो तिथे. माझ्या सीडीवर तो बेस गिटारच्या मागे उभा असतो, छान ऐकू येतो, पण मागेच. इथे तो खोलीच्या मधोमध होता, प्रत्येक नोटला सुरुवात होती, पोट होतं आणि शेवट होता, बोटं तारेवरून सरकतायत ते कळत होतं. नंतर माझी सीडी लावली, झेपलिनचा गिटारिस्ट जिमी पेज आणि जॉर्ज मरिनो यांनी नव्वद सालच्या सुमारास केलेलं मास्टरिंग, आणि ती वाईट अजिबात नाही, पण गाणं जणू दोन पावलं मागे जाऊन बसलं. २०१४ चं जे पेजनं जॉन डेव्हिसबरोबर केलं ते मी घरी ऐकते, स्वच्छ आहे, वरचे स्वर मोकळे आहेत, आणि नवीन कोणाला ऐकायचं असेल तर मी तेच सांगते. पण त्या दुपारी दादरला जे ऐकलं ते त्यात नाही.

आता गंमत बघा, हाच लडविग सोळा वर्षांनी पुन्हा भेटतो. डायर स्ट्रेट्स या बँडचा 'ब्रदर्स इन आर्म्स', १९८५, त्याचंही मास्टरिंग त्याचंच. आपल्याकडे ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात चांगली सिस्टिम आली त्या प्रत्येकाला दुकानदारानं डेमो म्हणून 'मनी फॉर नथिंग'ची सुरुवात नाहीतर 'युअर लेटेस्ट ट्रिक'चा सॅक्सोफोन ऐकवलेला असणार, मला तर खात्री आहे. कॅरिबियनमधल्या मॉन्सेरात बेटावरच्या एअर स्टुडिओत, सोनीच्या चोवीस ट्रॅकच्या डिजिटल मशीनवर रेकॉर्ड झाला, सीडीवर दहा लाख खपलेला पहिला अल्बम हा. मी तो सीडीवरच वाढले. मग काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात त्याची एलपी मिळाली, घरी आणून धुतली, लावली, आणि 'व्हाय वरी' एकदम लवकरच संपलं. मला वाटलं सुई उडाली. परत लावलं, परत तेच. खोबणी तपासली, काहीही नाही. मग घड्याळ लावून मोजलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सीडीवर 'व्हाय वरी' साडेआठ मिनिटांचं आहे, एलपीवर ५ मिनिटं २२ सेकंदांचं. 'युअर लेटेस्ट ट्रिक' साडेसहावरून पावणेपाचवर आणलंय, 'मनी फॉर नथिंग' ८:२६ वरून ७:०४ वर, 'सो फार अवे' पाचवरून चारवर. आणि ही कात्री मुख्यतः पहिल्या बाजूलाच लागलीय. पूर्ण लांबीची ही पाच गाणी एका बाजूला घातली असती तर ती जवळजवळ तेहतीस मिनिटं झाली असती. एलपीची एक बाजू जेवढी लांब, तेवढ्या खोबण्या जवळजवळ बसवाव्या लागतात, म्हणजे आवाजाची पातळी खाली आणावी लागते, बेस आवरावा लागतो, आणि मग भरपाईला आवाज वाढवला की घरघरही वर येते. त्यापेक्षा त्यांनी गाणी कापली आणि बाजू पंचवीस मिनिटांवर आणली. नंतर दोन एलपींमध्ये निघालेल्या आवृत्त्यांत सगळं पूर्ण लांबीचं आहे. पण म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की ओरिजिनल रेकॉर्ड म्हणजेच खरा अल्बम, तेव्हा मला 'व्हाय वरी'ची ती शेवटची तीन मिनिटं आठवतात, गिटार आणि कीबोर्ड नुसते एकमेकांशी बोलत राहतात ती, आणि ती त्या एलपीवर नाहीतच. या एका अल्बमपुरतं तरी सीडी हेच मूळ घर आहे. मुळात डिजिटल रेकॉर्डिंग, त्यामुळे 'पूर्ण अ‍ॅनालॉग' वगैरे भाषा इथे लागूच होत नाही.

बरं, आता परत माझ्या तीन रविवारांकडे.

तुलना करताना सगळ्यात मोठी फसगत कशात होते तर आवाजाच्या पातळीत. दोन आवृत्त्यांपैकी एक अगदी किंचित, म्हणजे एक डेसिबलनं जरी मोठी वाजत असली तरी कानाला ती मोठी वाटत नाही, ती 'चांगली' वाटते, जास्त भरदार, जास्त स्पष्ट. मी स्वतः कित्येक वर्षं अशीच मतं बनवत होते आणि ती ठामपणे लोकांना सांगतही होते, त्याचं आज वाईट वाटतं. म्हणून या वेळी सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, एलपी आणि एसएसीडीसुद्धा अ‍ॅनालॉग आउटमधून रेकॉर्ड करून, प्रत्येकाची पातळी जुळवली, एकाच हेडफोनवर आणि एकाच डॅकवर (डिजिटल फाइलचा आवाज करणारी डबी). आणि माझ्या भाचीला बसवलं बटणं दाबायला. ती नववीत आहे, तिला पिंक फ्लॉइड म्हणजे टी-शर्टवरचा त्रिकोण एवढंच माहीत होतं. मला दिसणार नाही असं ती बदलायची आणि मी सांगायचं कोणतं आहे ते, आणि ती वहीत खूण करायची. सगळ्यांनी एकदा तरी हे करून बघा, मनापासून सांगते.

निकाल सांगते. २०११ ची सीडी आणि स्ट्रीमिंगवरची हाय-रेझोल्यूशन फाइल यांच्यात मला फरक ओळखता आला नाही, वीसपैकी अकरा बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. माझी जुनी सीडी, म्हणजे डग सॅक्सनं १९९२ मध्ये मास्टर केलेली आणि १९९४ मध्ये नव्या कव्हरात निघालेली, ती आणि २०११ ची जेम्स गथ्रीनं केलेली, यांत मात्र मी जवळजवळ दर वेळी बरोबर निघाले. सॅक्सवाली थोडी ऊबदार आहे, 'अस अँड देम' मधला डिक पॅरीचा सॅक्सोफोन तिच्यात गोल येतो. गथ्रीवाली जास्त तपशील देते, 'ऑन द रन' मधली पावलं एका कानातून दुसऱ्या कानात धावत जातात ती जास्त सरळ रेषेत जातात. मला सॅक्सवाली आवडते, भाचीला गथ्रीवाली, आणि तिनं दिलेलं कारण मला पटलं की हिच्यात घड्याळं जास्त वेगवेगळी ऐकू येतात.

ती घड्याळं! 'टाइम'च्या सुरुवातीची. इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन ती एकेक करून टेप केली होती, मुळात क्वाड्राफोनिक, म्हणजे चार स्पीकरच्या, आवाजाच्या प्रयोगासाठी. कुठल्याही आवृत्तीची परीक्षा घ्यायची असेल तर मी आता तिथूनच घेते. आधीच्या गाण्याचा शेवट विरत जातो, अगदी हळू टिकटिक येते, आणि मग सगळे गजर एकदम. तिथे दचकायला झालं पाहिजे. नाही दचकलात तर त्या आवृत्तीत कोणीतरी शांत भाग वर ओढलाय आणि मोठा भाग खाली दाबलाय. विसर्जनाच्या मिरवणुकीत आधी नुसता ताशा कडकडतो, दोन क्षण सगळं थांबतं आणि मग पन्नास ढोल एकत्र पडतात तेव्हा जे छातीत होतं, ते कशामुळे होतं? आधीच्या त्या थांबण्यामुळे. नव्वदच्या मध्यापासून पुढे निघालेल्या कितीतरी रीमास्टर्समध्ये हे थांबणंच काढून टाकलंय, सगळंच सारखं मोठं, कारण रेडिओवर आणि दुकानात आपलं गाणं दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे. 'डार्क साइड' त्यातून बऱ्यापैकी वाचला, पण पूर्ण नाही. २००३ च्या त्या एसएसीडीत दोन थर आहेत, एक एसएसीडीचा आणि एक साध्या प्लेअरवर चालणारा सीडीचा, आणि एकाच तबकडीवर असूनही सीडीचा थर जास्त दाबलेला आहे. म्हणजे बघा, लोक दोन्ही थर ऐकून 'एसएसीडी तंत्रज्ञान किती श्रेष्ठ' असं म्हणत होते आणि ऐकत होते दोन वेगवेगळी मास्टरिंग्ज. हे मला खरंच चुकीचं वाटतं, ऐकणाऱ्याला खरी तुलना करायची संधीच दिली नाही.

या बाबतीतही लडविगचं नाव घ्यावंसं वाटतं. २००८ च्या 'चायनीज डेमोक्रसी'साठी त्यानं गन्स एन रोझेस या बँडला कमी-जास्त दाबलेल्या तीन आवृत्त्या करून दिल्या होत्या आणि त्यांनी सगळ्यात कमी दाबलेली निवडली, याचा त्याला झालेला आनंद त्यानं लिहून ठेवलाय. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला.

आता मामाची एलपी. कोलकात्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता, बीटल्सपासून फ्लॉइडपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी रेकॉर्ड्स तिथल्या, आणि त्यातल्या बऱ्याच इंग्लंडहून आलेल्या साच्यांवरून दाबलेल्या. म्हणजे खोबणी कापणारा हात लंडनचा, प्लास्टिक आपलं. मामाची कॉपी मी तीनदा धुतली, डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं आयसोप्रोपिल, मऊ ब्रश, वाळवायला उभी ठेवली. तरी सुरुवातीच्या हृदयाच्या ठोक्यांमागे चरचर आहेच, पाऊस पडल्यासारखी, ती जाणार नाही. पण ठोके संपून 'ब्रीद' उघडतं ना, ती गिटार जशी पसरते, ते मला पाचही आवृत्त्यांत इथेच सगळ्यात जास्त आवडलं. मला ही ओळखायला काही लागलंच नाही अर्थात, चरचरीवरून कळतंच, त्यामुळे इथे माझं मत हे डोळे उघडे ठेवून दिलेलं मत आहे, तेवढं लक्षात ठेवा.

आणि जिथे एलपी हरते तेही सांगायला पाहिजे. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'द ग्रेट गिग इन द स्काय'. एलपी मिनिटाला तेहतीस फेरे घेते, बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबणी जाते, लेबलजवळ ती जेमतेम २१ सेंटिमीटर जाते. तेवढाच आवाज अर्ध्याहून कमी जागेत लिहायचा म्हटल्यावर वरचे स्वर फाटायला लागतात. आणि नेमकी तिथेच गायिका क्लेअर टोरी सगळ्यात उंच जाते. मामाच्या कॉपीवर तिचा आवाज चरतो, सीडीवर तो निर्मळ आहे, इथे सीडी सरळ जिंकते. या गाण्याबद्दल अजून एक. जानेवारी १९७३ मध्ये तिला त्या एका सत्राचे तीस पौंड मिळाले होते. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासूनच्या आवृत्त्यांवर रचनेच्या श्रेयात फ्लॉइडच्या रिचर्ड राइटच्या बरोबर तिचं नाव आहे. माझ्या ९४ च्या सीडीवर नाही, २०११ च्या सीडीवर आहे. आवाजाच्या दृष्टीनं मी जुनी सीडी उचलते, पण भाचीला द्यायला मी नवीच घेतली, मुद्दाम.

हो, आणि अल्बमच्या अगदी शेवटी ठोके विरत असताना काही आवृत्त्यांत मागे अगदी पुसट ऑर्केस्ट्रा ऐकू येतो, बीटल्सच्या 'टिकट टू राइड'ची चाल. ती कुठल्या आवृत्तीत किती आहे हे हेडफोनवर शोधण्यात आम्ही दोघींनी एक अख्खा रविवार घालवला.

बीटल्सवरून आठवलं, तिथे तर प्रकरण मास्टरिंगच्याही आधीचं आहे, मिक्सच वेगळे. त्यांच्या 'सार्जंट पेपर्स' या अल्बमचा मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, मिक्स वेळ देऊन केलेला आणि स्टिरिओ नंतर भराभर उरकलेला, 'शीज लीव्हिंग होम' तर मोनोत जरा वेगात आणि वरच्या पट्टीत आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, ते इथे मावणार नाही.

महागड्या नव्या दाबण्यांबद्दल बरेच जण विचारतात. माझा एक अनुभव, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १८० ग्रॅमची एलपी मागवली, कव्हर सुंदर, स्टिकर सुंदर, पण मधलं भोक केंद्रापासून सरकलेलं, पियानोचा प्रत्येक लांब सूर लाटेसारखा वरखाली. वजनानं काही होत नाही. आणि 'थेट टेपवरून' या शब्दांबद्दल म्हणाल तर २०२२ मध्ये उघड झालंच की मोबाइल फिडेलिटी या जुने अल्बम महागात पुन्हा काढणाऱ्या कंपनीच्या कितीतरी एलपींमध्ये २०११ पासून मध्ये एक डिजिटल टप्पा होता. लोक चिडले, आणि सांगितलं नाही म्हणून चिडणं बरोबरच होतं. पण इतकी वर्षं त्याच रेकॉर्ड्सना पूर्ण अ‍ॅनालॉगचा नमुना म्हणून डोक्यावर घेणाऱ्या अनुभवी कानांना तो टप्पा ऐकू आला नव्हता हेही तितकंच खरं. काम चांगल्या माणसानं, चांगल्या टेपवरून केलं होतं, म्हणून ती चांगली वाजत होती.

त्यामुळे मी आता विकत घेताना कव्हर सगळ्यात शेवटी बघते. रेकॉर्ड असेल तर उन्हात तिरकी धरून डेड वॅक्स वाचते, सीडी असेल तर मागच्या बारीक अक्षरांत साल आणि मास्टरिंग कोणाचं ते शोधते, स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा शेवटचं रीमास्टर तेवढंच ठेवलेलं असतं म्हणून जुन्या सीड्या कोणी फुकट देत असेल तर नाही म्हणत नाही. र्‍हिदम हाउस हे दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हापासून मुंबईत उभ्या उभ्या ऐकून निवडायची माझी जागाच गेली, आता जे काय ते जुना बाजार आणि ओळखीपाळखी.

एक विनंती आहे. मामाच्या 'डार्क साइड'वर दुसऱ्या बाजूला लेबलच्या शेजारी जे कोरलंय त्यावर नेमका खोल ओरखडा आहे, पहिली अक्षरं लागतात आणि पुढचं लागत नाही. तुमच्या घरात, माळ्यावर, काकांच्या कपाटात दमदमची कॉपी असेल तर प्लीज दिव्याखाली धरून तिथे काय लिहिलंय ते मला कळवा, फोटो आला तर फारच छान, मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं मारलात की अक्षरं उठून दिसतात.